फाट्यावर जमलेली घरं

पाण्याचा टँकर गावापर्यंत यायचा, आमच्यापर्यंत नाही. आमची वस्ती गावापासून लांब, येवल्याकडच्या कोरड्या माळावर. कांद्याच्या वावरांत एकेक घर, मधे बांध आणि बाभळी. आई गावातून डोक्यावर हंडे आणायची. आमच्या तुकड्यात पावसाळ्यानंतर काही पिकायचं नाही, म्हणून वडील दुसऱ्यांच्या वावरात रोजानं जायचे. दोघांनीही शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण मला कॉलेजात घालायचं यावर त्यांचं कधी भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावर व्हायचं.

मी शेवटच्या वर्षाला असताना, सुट्टीत घरी आले होते तेव्हा, वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. ऐन दुपारची वेळ. रुग्णवाहिका बोलावली. ती गावात मारुतीच्या देवळापुढे येऊन थांबली. ड्रायव्हर फोनवर सांगत होता, "पत्त्यावर पोचलोय." मी ओरडत होते, "इथं कुणीच आलेलं नाही." शेवटी चुलत्यांनी वडिलांना बाजेसकट उचललं आणि डांबरी सडकेवरच्या फाट्यावर नेलं. तिथं गाडी भेटली, पण उशीर झाला होता. वडील गेले.

पुढं मी पदवी घेतली. आमच्या घरातली पहिली. हे मी कुठंही ठासून सांगते, लाजत नाही. लग्न झालं, नाशकात राहायला आले आणि पत्ते तपासायच्या कामाला लागले. काम सांगायला सोपं आहे. लोकांचे पत्ते आमच्याकडे येतात, संगणक प्रत्येक पत्त्याचे अक्षांश-रेखांश काढतो आणि नकाशावर खूण लावतो. ती खूण खऱ्या घरावर पडली का, हे आम्ही उपग्रहाच्या चित्रात बघायचं. शहरातली खूण बहुतेक बरोबर पडते. खेड्यातला पत्ता आला की संगणकाला वस्ती, मळा, पाडा काही उमगत नाही. तो सगळ्यांना गावाच्या मधोमध नेऊन ठेवतो. आमच्यात त्यावर चेष्टा चालायची, "आज पुन्हा आख्खं गाव पारावर झोपवलंय बघ." सगळे हसायचे. मीही हसायचे, पण मला तो देवळापुढे थांबलेला ड्रायव्हर आठवायचा. त्याचीही काय चूक?

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी आमची वस्ती उघडायचे. पत्रा चमकताना दिसायचा, बांध दिसायचे, लिंबाची सावलीसुद्धा दिसायची. माणूस मात्र वरून दिसत नाही. आई त्या पत्र्याखाली आहे की वावरात, हे किती जवळ नेलं तरी कळायचं नाही. मग मी चित्र बंद करून तिला फोन लावायचे. "जेवलीस का?" एवढंच विचारायचे.

एकदा आमच्याच तालुक्याचं काम आलं. रुग्णवाहिकांसाठी खेड्यापाड्यांतल्या घरांच्या जागा पक्क्या करायच्या होत्या. लोकांना फोन करून आपापल्या मोबाइलवरून ठिकाण पाठवायला सांगितलं होतं. आमची वस्ती उघडली, तर सगळी घरं एकाच जागी, एकावर एक. वावरं मोकळी.

आमचे साहेब मागून बघत होते. "एकाच जागी बसून एकच माणूस सगळ्यांच्या नावानं बटण दाबतोय. काढून टाक सगळी."

"सर, ही माझ्या वस्तीची माणसं आहेत."

"मग तर लवकर काढ, ओळखीची आहेत."

मी जागा नीट पाहिली. तो आमचा फाटा होता. मी आईला फोन लावला.

"आई, ठिकाण कुठून पाठवलंस?"

"फाट्यावरून. सगळ्या जणी मिळून गेल्तो."

"अगं, घरातून पाठवायचं होतं!"

"लय शिकली तू! घरातून धाडलं तर त्यान्ला घर घावंल का? फाट्यावर उतरल्याबिगर आपल्याकडं कोण आलंय आजवर?"

आमच्याकडे पाहुणा यायचा असला की कुणीतरी फाट्यावर जाऊन उभं राहतं, ही रीतच आहे. मी हॉस्टेलवरून यायचे तेव्हा एसटी थांबायच्या आधीच खिडकीतून आईचं लुगडं दिसायचं. वस्ती नकाशालाही पाहुणाच समजून फाट्यावर घ्यायला गेली होती.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "दारात जाऊन खुणा घेऊन ये, मग ठेवू. नाहीतर जातील. माहेरी जायला निमित्त मात्र झकास शोधलंस."

"निमित्त नसतं तरी गेले असते, सर," मी म्हणाले. पण खरं तर कित्येक महिने गेले नव्हते.

एसटीतून उतरले तेव्हा आई फाट्यावर होती. केस आणखी पांढरे झाले होते. तिनं माझी पिशवी ओढून घेतली आणि माझ्यापुढं चालायला लागली. दिवसभर आम्ही दोघी दारोदार फिरलो. प्रत्येकाला आपल्या उंबऱ्यात उभं करून मी बटण दाबायला लावत होते. चुलती म्हणाली, "मला खुराड्यापाशी नको गं उभं करू, गाडी कोंबड्यान्ला घेऊन जायची." तिचा नवरा आतून म्हणाला, "तुझ्यापरीस कोंबड्याच ने म्हनावं."

आमचं घर शेवटी घेतलं. आई उंबऱ्यात थांबेना. ती लिंबाखाली, वडिलांची बाज असायची तिथं जाऊन उभी राहिली.

"हितं लाव. हितं वाट बघत व्हता त्यो."

नियमानं खूण दारावर हवी. मी तिचा हात धरून तिला उंबऱ्यापर्यंत आणलं, आणि तिथं तिनं स्वतः बटण दाबलं. मग दोघी ओट्यावर बसलो. मला नाशकाला परतावंसं वाटत नव्हतं, पण तिनंच शेवटच्या एसटीची आठवण करून दिली.

साहेबांनी सगळ्या खुणा तपासल्या आणि एकही काढली नाही. त्या पावसाळ्यात चुलतीच्या सुनेला कळा सुरू झाल्या. फोन केल्यावर रुग्णवाहिका कुणालाही न विचारता थेट तिच्या दारात आली. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.