टप्प्याच्या आधी

आमच्या भागातली पोरं लातूरला डॉक्टर व्हायला जातात. मी लागलो फुटबॉलच्या मागं. गावानं तेव्हा मला चिमटे काढायचे तेवढे काढले, आणि पुढे गोव्यातल्या एका क्लबानं मला पगारावर घेतलं तेव्हा तीच मंडळी पारावर बसून ‘आपलं पोरगं’ म्हणू लागली. चालायचंच. मी स्ट्रायकर होतो, गोल करणं एवढंच माझं काम. ते मला माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, शिकवलं आणि तेही देवणीजवळच्या आमच्या गावात, बैलबाजाराच्या मैदानावर.

बाजाराच्या दिवशी ते मैदान जनावरांचं, बाकी दिवस आमचं. पावसाळ्यात काळ्या चिखलात बैलांचे खूर रुतायचे आणि ऊन पडलं की ते खड्डे तसेच वाळून दगडासारखे व्हायचे. चेंडूचा टप्पा पडल्यावर तो कुठं उडेल हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. अण्णा माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. भाऊ गेला म्हणून म्हणत नाही, खरंच चांगला खेळायचा. एकदा समोर गोल मोकळा होता, चेंडू वरून येत होता आणि त्यानं टप्प्याची वाट बघितली. चेंडू खड्ड्याच्या कडेला लागून मागं उडाला. अण्णा गर्रकन वळला, पाय दुसऱ्या खड्ड्यात अडकला आणि नडगीचं हाड मोडलं. ते पुन्हा कधी नीट जुळलं नाही.

त्यानंतर तो काठी टेकून मैदानाच्या कडेला उभा राहायचा आणि चेंडू हवेत असतानाच माझ्यावर ओरडायचा, “वरच्यावर!” म्हणजे भुईला लागू द्यायचा नाही, हवेतच लाथ घालायची. मी टप्पा पडू दिला की शिव्यांचा मारा सुरू. “या भुईवर भरवसा ठिवतोस व्हय रे? माझा पाय बघ आधी, मग ठिव!”

नांदेडला निवडीचा सामना झाला तेव्हा तो एसटीनं माझ्यासोबत आला होता. मी केलेले गोल सगळे हवेतले. क्लबाच्या माणसानं विचारलं, हे कुठं शिकलास? मी म्हणालो, बैलबाजारात. त्याला ती एखादी अकादमी वाटली असावी, कारण त्यानं गंभीरपणे मान हलवली. परतीच्या गाडीत अण्णा उदगीर येईपर्यंत हसत होता.

मी गोव्याला गेल्यावर दुसऱ्याच वर्षी त्याला कावीळ झाली. त्यानं ती अंगावर काढली आणि नांदेडच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. तेरावं उरकून मी परत गेलो तो सरळ सामन्यातच उतरलो. उजव्या कडेवरून गोलसमोर उंच क्रॉस आला आणि माझ्या डाव्या कानामागं स्वच्छ ऐकू आलं, “वरच्यावर!” आवाज त्याचाच, तंबाखूनं जरा घोगरा झालेला. मी पाय उचलला, चेंडू जाळीत गेला. सगळे माझ्या अंगावर पडले आणि मी त्यांच्या खालून मान वळवून मागं बघत होतो. मागं नुसतं गवत होतं.

खोटं कशाला सांगू, मी भ्यालो. पुढच्या सामन्यात आवाज पुन्हा आला, त्याच्या पुढच्यातही आला. मग भीती गेली आणि मी त्या आवाजासाठीच खेळू लागलो. सरावाला तो यायचा नाही, फक्त सामन्यात यायचा. हे मी कुणालाच सांगितलं नाही. क्लबानं मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं असतं, आणि मायला सांगायची तर हिंमतच नव्हती. तिनं कसंबसं स्वतःला सावरलं होतं.

पण तिकडच्या मैदानांवर टप्पा सरळ पडतो. तिथं घाई करणारा वेडा ठरतो. वय वाढलं तसा माझा पाय किंचित उशिरा उचलला जाऊ लागला आणि माझे फटके गोलच्या बारवरून प्रेक्षकांत जाऊ लागले. प्रशिक्षक वैतागला. “पडू दे ना बाबा! ही जमीन तुला खात नाही.” सरावात मी चेंडू पडू द्यायचो आणि सहज गोल व्हायचे. सामन्यात मात्र आवाज आला की पाय आपोआप वर जायचा.

हंगामाचा शेवटचा सामना आला. जिंकलो नाही तर संघ खालच्या गटात जाणार होता, आणि आज पुन्हा चेंडू आभाळात घातलास तर तुझा नवा करार विसर, असं मला तोंडावर सांगितलं गेलं होतं. सामना संपत आला असताना गोलरक्षकाच्या हाताला लागून चेंडू उंच उडाला. गोलरक्षक आडवा पडलेला, माझ्यासमोर गोल मोकळा, चेंडू खाली येत होता.

“वरच्यावर!”

मी पाय उचलला नाही.

“वरच्यावर, लेका!” या वेळी त्याचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा उमगलं की बिचारा माझ्या पायाची काळजी करत होता. मी मोठ्यानं म्हणालो, “अण्णा, हितं बैल येत न्हाईत. तू जा आता.” टप्पा पडला, चेंडू गुमान कमरेपर्यंत वर आला आणि मी तो जाळीत ढकलला.

संघ वाचला, करार मिळाला. पुढं मी आणखी काही हंगाम खेळलो, बरेच गोल केले, आणि प्रत्येक क्रॉसला कान लावून बघितला. पण आवाज कायमचा गेला हे मला कळायच्या आधी, त्या सामन्याच्याच संध्याकाळी, मायचा फोन आला. शेजारची सून तिला मोबाइलवर सामना लावून द्यायची आणि माय ज्वारी निवडत तो बघायची.

“जिकलाव न्हवं?”

“हाव माय.”

मग ती हळूच म्हणाली, “तुझी मॅच लागली की अण्णा घरात बोलायचा रे. न्हाणीकडून आवाज यायचा त्याचा, वरच्यावर, वरच्यावर म्हणून. तू भिशील म्हणून तुला सांगितलं न्हाई. मला लई बरं वाटायचं. आज मधीच गप झाला. किती हाका मारल्या, ओच दिली न्हाई.”

माझ्या मागं पोरं ढोल बडवत होती. मी दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.

“तू त्याला काही बोललास का?” मायनं विचारलं.

“न्हाई माय,” मी म्हणालो. “मी काय बोलणार त्याला.”