कापसातली कवाईत

मास्तर घडवणाऱ्या नॉर्मल स्कुलातून मी कवाईत शिकून आलो, म्हणजे हात कुठे न्यायचे एवढं शिकलो. त्या वेळी पाय कुठे असायला हवेत, हे मला आजतागायत कळलेलं नाही. नेमणूक झाली पिंपळगाव राजाजवळच्या एका खेड्यात, बिगारीच्या वर्गावर. आमचं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या कारभारात. हुकूम नागपुरात निघायचे, घाम इकडे गळायचा. पण एवढ्याशा पोरांना दिवसभर तरटावर मांडी घालून बसवू नये, हे काही कुणी हुकूम करून मला सांगितलं नव्हतं. त्यांच्या डुलक्या पाहून मलाच जांभया यायच्या.

म्हणून रोज सकाळी लिंबाखाली 'एक-दोन' सुरू केलं. 'एक'ला उजवा पाय, 'दोन'ला डावा. मी चुकायचो, पोरं खिदळायची आणि बरोबर टाकायची.

एक पोरगा मात्र कधी पायी यायचा नाही. तो आजोबांच्या खांद्यावर बसून यायचा आणि खांद्यावरूनच घरी जायचा. बाळंतपणातच त्याची आई गेलेली. म्हाताऱ्यानं त्याला जिवापाड जपलेलं, फार पळू-उडू दिलेलं नाही. पोरांचं उड्या मारणं पाहून म्हातारा कडाडला,

"हे काऊन चालवून राह्यले, मास्तर? माह्यं लेकरू पडलं तं? आता बसवा त्याले गुमान, नाहीतं शाळाच बंद त्याची!"

गल्लीत त्याचा शब्द चाले. त्यानं नातू काढला असता, तर चार घरांनी आपली पोरं काढली असती आणि माझा वर्ग उठला असता. मी घाबरलो. कवाईत बंद. हाताची घडी, तोंडावर बोट!

एका दुपारी सुट्टी संपली, घंटा झाली, तरी वर्ग भरेना. नातूही गायब! म्हातारा शेतातून यायच्या आत तो सापडायलाच हवा होता. धोतर सावरत मी गल्लीत धावलो, तर म्हाताऱ्याच्याच अंगणातून कल्ला ऐकू आला.

खामगावच्या बाजाराला जायची गाडी तिथं उभी होती. चारी बाजूंनी बांबूचे तट्टे लावलेली, कापसानं भरलेली. कापूस दाबून बसवायला पोरांना आत सोडतात, त्याची पोरांना कोण मौज! माझा अख्खा वर्ग आत नाचत होता, आणि मधोमध नातू ओरडत होता, "एक-दोन! एक-दोन!"

"उतरा बे खाली!" मी दबक्या आवाजात ओरडलो. कुणी ढिम्म हललं नाही. शेवटी चाकावर चढून मीच आत उडी टाकली. पोरांनी एक बाजू चांगली तुडवली होती. मी नेमका न तुडवलेल्या कोपऱ्यात पडलो. छातीपर्यंत आत गेलो. टोपी तर दिसेनाशीच झाली.

तेवढ्यात गाडीपाशी म्हातारा.

"मास्तर, तुमी कापसात काय करून राह्यले?"

"कवाईत," मी म्हणालो. 

"आबा, गुर्जीले नाही येत!" नातू आनंदानं किंचाळला. "मले येते, पाहा!" त्यानं उंच उडी मारली आणि तोंडावर आपटला. म्हाताऱ्याचे दोन्ही हात तट्ट्यावरून आत गेले. पण पोरगं नाकातला कापूस काढत आपलं आपण उठलं, हसलं आणि पुन्हा उडालं. म्हाताऱ्याचे हात तसेच हवेत राहिले. मग हळूहळू खाली आले.

"अजून एक डाव उडी मार बरं," तो म्हणाला.

नंतर त्याला माझी आठवण झाली. काखेत हात घालून त्यानं मला वासरासारखं बाहेर ओढलं. "मले वाटलं, तुमी पोट्ट्याइले पाडता. हे तं पडते अन् सोताच उठते."

दुसऱ्या दिवशी नातू आजोबांचं बोट धरून चालत शाळेत आला. लिंबाखाली आल्यावर त्यानं बोटही सोडलं. म्हातारा पारावर टेकला. 'एक-दोन' सुरू झालं, आणि लगेच पारावरून हाक आली,

"मास्तर, डावा! डावा पाय!"

मी घाईनं पाय बदलला, तोवर 'एक' आला होता. तोही चुकीचाच निघाला, आणि सगळ्यांत मोठ्यानं नातू हसला.