डाव्या हाताची गोधडी

हे मी डाव्या हाताने लिहिते आहे. ज्यांना त्याचं वावडं असेल त्यांनी कागद इथेच खाली ठेवावा, मी मनधरणी करायला येणार नाही. अक्षरं मला आमच्या यजमानांनी शिकवली, तीही गिऱ्हाइकांच्या गाठोड्यांवर नावं घालायला कुणीतरी हवं होतं म्हणून. त्यांनी बोरू माझ्या उजव्या हातात दिला. ते दुकानात गेले की मी तो डाव्या हातात घ्यायची आणि अक्षर एकदम शहाण्यासारखं वागायला लागायचं.

आम्ही कसब्यातले शिंपी. पुरुष पुढच्या दुकानात अंगरखे बेतायचे आणि आम्ही बायका मागच्या पडवीत गोधड्या आणि दुलया शिवायचो. शनिवारवाड्यावर सकाळची नौबत झडली की चूल आटपून पडवीत यायचं, असा सासूबाईंचा नेम होता. पडवीत दुसरं काही मावतच नसे, कारण सगळी जागा चौकटीने खाल्लेली. चार लांब सागवानी दांडे, कोपऱ्यांवर सुंभाने करकचून आवळलेले, आणि खाली टेकायला विटा. खाली अस्तर, मध्ये पिंजाऱ्याने पिंजून दिलेला कापूस किंवा जुन्या लुगड्यांचे थर, वर नवं कापड, असं सगळं ताणून चौकटीला बांधायचं आणि चारी बाजूंनी मांडी घालून बसायचं. सुई ढकलणारा हात वर आणि तिचं टोक चाचपणारा हात खाली. वरच्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुईचं बूड बोटात घुसू नये म्हणून घालायची पितळी टोपी.

आमच्याकडे नवी सून आली की सासू तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान घालते. ते घातलं की ती चौकटीची झाली. माझ्याही बोटात घातलं. सासूबाईंना वाटलं, सून मिळाली. थोड्याच दिवसांत कळलं की सून डावरी आहे.

यात एवढं आकाश कोसळण्यासारखं काय, असं कुणी विचारेल, म्हणून सांगते. गोधडी कडेपासून आत शिवत जातात, एका रांगेच्या आत दुसरी रांग, अशी मधल्या चौकोनापर्यंत. उजव्या हाताची बाई आपल्या उजवीकडून डावीकडे टाके घालत जाते. चारी बाजूंच्या चौघी तशा गेल्या की दोरा गोधडीभोवती देवाला घालतात तशी प्रदक्षिणा घालतो. मी डावीकडून उजवीकडे जाणार. म्हणजे माझा दोरा उलटा फिरणार. उलटी प्रदक्षिणा घातलेली गोधडी ज्याच्या अंगावर पडेल त्याचं भलं होत नाही, हे सासूबाईंचं ठाम मत होतं. सासूबाईंची सगळीच मतं ठाम होती.

तेव्हा मी उजव्या हाताने शिवलं. वर्षानुवर्षं शिवलं आणि वाईट शिवलं. माझे टाके लांबट आणि वेडेवाकडे पडायचे, आणि थोरल्या जाऊबाई ते बघून ओठ दाबून हसायच्या. मला मग लुगडी उसवायला, कापूस पसरायला, दोरे ओवायला बसवत. मी मूग गिळून बसायची. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मात्र अंगुस्तान काढून डाव्या बोटात घालायची आणि चिंध्यांवर ओळीच्या ओळी घालायची. त्या ओळी तिळाएवढ्या टाक्यांच्या होत्या. त्या बघून मला रडू यायचं आणि रागही यायचा, आणि मग मी त्या चुलीत टाकायची.

मग मला मुलगी झाली. ती रांगायला लागली तेव्हाच मी ओळखलं. खुळखुळा तिने डाव्या हाताने उचलला. मला मनातून आनंद झाला, खोटं कशाला बोलू? सासूबाईंनी मात्र त्याच दिवशी लुगड्याच्या काठाची एक पट्टी फाडून ठेवली.

ती पट्टी जेवताना मुलीच्या डाव्या मनगटाला बांधायची आणि दुसरं टोक कमरेला. शिवायला बसली तरी तेच. खालच्या हाताला चाचपता येईल एवढीच ढील. मुलगी लग्नाच्या वयाची झाली तशी पट्टी आणखी आवळली गेली, कारण सासवडच्या एका शिंप्याकडून विचारणा आली होती. आमच्यात मुलगी बघायला येतात तेव्हा गाणं म्हणायला सांगत नाहीत, चौकटीवर बसवतात. आणि ती चौकट तिच्याच गोधडीची असते. मुलगी सासरी नेते ती गोधडी, जिच्यात घरातल्या प्रत्येक बाईने एकेक रांग घालायची आणि आतल्या रांगा मुलीने स्वतः घालायच्या.

सासूबाईंनी गोधडी चौकटीवर चढवली आणि मुलीला उजव्या हाताने सरावाला बसवलं. सुई तिला सारखी लागायची. अस्तरावर रक्ताचे थेंब पडायचे आणि ती निमूट त्यावर थुंकी लावून पुसायची. ज्याचं रक्त त्याच्याच थुंकीने निघतं, हे तिला मी शिकवलं होतं. एवढ्याशा पोरीला पहिलं हेच शिकवावं लागलं, याचा मला अजूनही संताप येतो.

एक दिवस तिचं मनगट पाहिलं. पट्टीखाली कातडी सोलवटून लाल झाली होती. मी कात्री घेतली आणि पट्टी कापली. सासूबाईंनी विचारलं, "हे काय चालवलंयस?"

"कापडाचा तुकडा कापला," मी म्हटलं. "शिंप्याच्या घरात त्याचं काय एवढं?"

त्यांनी नवी पट्टी फाडली. मी तीही कापली. रात्री यजमान म्हणाले, "अगं, पाहुणे येऊन जाईपर्यंत तरी दम धर. नंतर तिला कोण विचारतंय कुठल्या हाताने शिवतेस म्हणून?"

"अहो, मला विचारलं ना," मी म्हटलं. "जन्मभर विचारलं." ते कुशीवर वळले. वाईट माणूस नव्हता, पण आईपुढे त्यांचं तोंड शिवलेलंच असायचं.

सासवडहून पाहुणीबाई आल्या, मुलाची आई. मोठ्या नथीच्या, मोठ्या आवाजाच्या. पाटावर बसून त्यांनी पडवीकडे बघून घेतलं आणि म्हणाल्या, "बसवा मुलीला." सासूबाईंनी मुलीच्या उजव्या बोटात अंगुस्तान घातलं. मुलीने सुई उचलली. पहिलाच टाका वाकडा पडला आणि तिने भेदरून माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. सगळ्यांच्या देखत तिच्या उजव्या बोटातलं अंगुस्तान काढलं आणि डाव्या बोटात घातलं. "आता घाल," म्हटलं.

तिने घातली. सबंध ओळ घातली, न थांबता, डावीकडून उजवीकडे. पडवीत फक्त अंगुस्तानावर सुई टेकल्याचा बारीक आवाज येत होता. ओळ इतकी सुरेख झाली की जाऊबाईसुद्धा वाकून बघायला लागल्या. सासूबाई घाईने म्हणाल्या, "लहान आहे, चुकून होतं कधीकधी."

"चुकून नाही," मी म्हटलं. "ती डावरी आहे. मीही डावरी आहे."

पाहुणीबाईंनी पदर सावरला. "आमच्याकडे देवापुढे नैवेद्य कोणत्या हाताने ठेवणार ही?"

"नैवेद्य उजव्याने ठेवील. आपण टाका बघायला आलात, टाका बघा."

त्यांनी टाका बघितला नाही. वाटीतला गूळ तोंडातही न घालता त्या उठल्या आणि सासवडला गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं. पाण्याला गेले की बायका बोलणं थांबवायच्या. मी घागर मुद्दाम डाव्या कमरेवर घ्यायला लागले.

पुढे मुलीचं लग्न झालं का, असं आजही विचारणारे भेटतात. झालं. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, कारण मी लग्नासाठी भांडले नव्हते, हातासाठी भांडले होते.

आणि ते भांडण पाहुणे गेल्यावरच खरं सुरू झालं. आमच्यात अर्धी गोधडी चौकटीवरून उतरवत नाहीत. उतरवली तर ज्याची गोधडी त्याचं आयुष्य अर्धवट राहतं म्हणतात. हे सासूबाईही मानत आणि, सांगायला काय हरकत आहे, मीही मानत होते. घरातल्या बायकांच्या रांगा झाल्या होत्या, मुलीच्या आतल्या दोन-तीन तेवढ्या उरल्या होत्या; त्या होऊन गोधडी उतरेपर्यंत चौकट अडलेली. आणि थंडी तोंडावर आलेली, गिऱ्हाइकांच्या दुलया गाठोड्यांत तशाच पडलेल्या. दुकानातून यजमान रोज आत डोकावून बघायचे आणि परत जायचे.

सासूबाई सकाळी आल्या आणि कात्रीच्या टोकाने मुलीची ओळ उसवून टाकली. "सुलट घाल," त्या म्हणाल्या. मी मुलीला म्हटलं, "तुझ्या हाताने घाल." तिने दुपारपर्यंत डाव्या हाताने ओळ पुरी केली. सासूबाईंनी ती पुन्हा उसवली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. कापडाला भोकं पडायला लागली. मला वाटलं, पोर आता मोडेल. ती रडली असती तर मी तिला उठवलं असतं आणि सगळ्याला पाणी सोडलं असतं, हे मला माहीत होतं. सासूबाईंनाही माहीत होतं, म्हणूनच त्या माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघत उसवत होत्या.

चौथ्या दिवशीही ओळ उसवून झाली, दोऱ्याचे तुकडे त्यांच्या मांडीवर पडले होते. मुलगी दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसली होती.

"झालं उसवून, आजी?" तिने विचारलं. "का अजून राहिलंय? तू सगळं उसव. मी परत घालते. मला कंटाळा येत नाही."

सासूबाईंची कात्री हवेतच थांबली. "एवढा हट्ट कुणाचा उचललास गं, कार्टे?" त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता माझं नाव निघणार. मी पदर खोचून तयारच होते.

"तुझा," मुलगी म्हणाली, आणि सुईत दोरा ओवून ओळीच्या डाव्या टोकाशी पहिला टाका घातला.

सासूबाईंनी मांडीवरचे दोरे झटकले, कात्री मिटली आणि दुकानाकडे तोंड करून यजमानांना हाक मारली, "दुलया आणून ठेव रे इथे. उद्यापर्यंत चौकट मोकळी होईल."