जीभ कोणाकडची

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. नाक सासूबाईंच्या माहेरचं, रंग सासऱ्यांचा, केस थेट आत्याचे, ही वाटणी बारशालाच होऊन गेली होती. माझ्या वाट्याला काही उरलं नव्हतं. पोरगा बोलेना, तेव्हा मात्र त्याची जीभ माझ्या माहेरची ठरली.

माझं माहेर कुंभार पिंपळगावचं. आई कमी बोलायची, एवढा पुरावा सासूबाईंना पुरला. "आडातच न्हाई तं पोहऱ्यात कुठून येणार?" असं त्या आल्यागेल्याला सांगत. मी रोज वेखंड उगाळून मुलाच्या जिभेला लावायची. शेजारणीनं पोपटाचा उष्टा पेरू आणून दिला, तोही चारला. पोरगा मिटक्या मारत खायचा आणि आणखी एक हवा म्हणून बोट दाखवायचा. मी हसायची, मग न्हाणीत जाऊन रडायची. हा मला कधी आई म्हणेल की नाही, एवढंच डोक्यात असायचं.

शेवटी जालन्याला डॉक्टरांकडे गेलो. सोबत सासूबाई बोलायला आणि सासरे पिशवी धरायला. डॉक्टरांनी मुलाच्या पाठीमागे घंटी वाजवली, तो लगेच वळला. सांगितलेलं सगळं त्यानं केलं.

"कान चांगले आहेत, समजही आहे. घरात कोणी उशिरा बोललं होतं का? हे पुष्कळदा रक्तातून येतं," डॉक्टर म्हणाले.

"आमच्याकडं बिलकुल न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या माहेरचं इचारा. आडातच न्हाई तं..."

"आड मी हाये," सासरे म्हणाले.

सासूबाई गर्रकन त्यांच्याकडे वळल्या.

"पाच वर्साचा होईस्तोर मी एक शब्द बोललो नव्हतो. लग्नाच्या टायमाला बापानं तंबी दिल्ती, सांगितलं तं पोरगी मिळायची न्हाई म्हून."

एवढं लांब बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मान खाली, पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. तिथेच त्यांच्या पाया पडावंसं मला वाटलं.

सासूबाई बसस्टँडपर्यंत गप्प होत्या. बसमध्ये बसल्यावर सासऱ्यांना म्हणाल्या, "तीस वर्सं झाली लग्नाला. मला तरी सांगायचं."

"तू बोलू देशील तवा नं."

पुढे चार वर्षांचा होता होता एका सकाळी पोरगा मला आई म्हणाला. त्याच दुपारी, सासूबाईंची बडबड चालू असताना, स्वच्छ म्हणाला, "आजी, गप!"

सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं, "जीभ माझ्यावर गेली पोराची."

मला सकाळीच 'आई' मिळालं होतं, बाकीचं त्यांनी खुशाल घ्यावं.