मधल्या खोलीपर्यंतच पोहोचलेली वायर

१९८६ च्या फेब्रुवारीत माझी कन्या सुमन हिचा विवाह निपाणीस झाला. मार्चमध्ये मी निपाणीच्याच बाजारपेठेतून एक व्हिडिओ एक्स्टेन्शन केबल विकत घेतली. त्याच महिन्यातल्या एका रविवारी सकाळी, बेळगावात शहापूर भागातील माझ्या राहत्या घरी, पुढे कथन केलेला प्रकार घडला. एप्रिलमध्ये माझी पत्नी शांता वारली. झाल्या प्रकारास मी केबल विकणारा दुकानदार, पाकिटावर खोटी लांबी छापणारा उत्पादक आणि माझा सख्खा भाचा दत्ता या तिघांना जबाबदार धरतो. पहिल्या दोघांना रजिस्टर्ड नोटीस धाडली. पोच आली, उत्तर आले नाही. म्हणून ग्राहकांच्या तक्रारींच्या या सदराचा आश्रय घेत आहे.

माझी उभी हयात कोर्टात पेशकार म्हणून गेली. साक्षीदाराने ‘मला वाटले’ म्हटले की मी लेखणी थांबवीत असे. भूतखेत, साक्षात्कार, अंगारे यांवर माझा कधीही विश्वास नव्हता... आजही नाही. हे वाचकांनी प्रथम ध्यानी घ्यावे.

शांतेला दम्याने आणि हृदयविकाराने अंथरुणास खिळवले होते. लग्न वराकडे निपाणीस, आणि डॉक्टरांनी तिला घराबाहेर हलवण्यास सक्त मनाई केलेली. लेकीचे लग्न हुकले त्यापेक्षा, झाल आपल्या हातून झाली नाही, हे तिच्या जिवाला लागले. वेळूच्या टोपलीत पेटते दिवे ठेवायचे, ती टोपली वरपक्षाच्या एकेकाच्या डोक्यावर टेकवायची, आणि ‘आता ही पोर तुमची’ असे सांगून मोकळे व्हायचे — हा अधिकार आईचा. तो माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, बजावला. शांता एवढेच म्हणाली होती, “माज्या हातनं सुटलीच न्हाय पोर. मग ती गेली कशी म्हनायची?”

लग्नाची कॅसेट तयार होऊन आली तेव्हा मी भाड्याने व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही मागवला. आळीतली मंडळी येणार हे ठरलेलेच. त्या गर्दीत शांतेचा श्वास कोंडला असता. म्हणून मंडळी पुढच्या सोप्यात बसतील, आणि त्याच व्हीसीआरवरून वायर ओढून मागच्या खोलीतील आमच्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सेटवर शांता एकटी पाहील, असे मी योजले. शिंप्याची टेप घेऊन मी स्वतः भिंतींच्या कडेने, चौकटींना वळसे देत माप घेतले. दुकानदारास स्पष्ट सांगितले — तांब्याची जाळी असलेली कोॲक्सियल हवी, चपटी फीडर वायर नको, चित्राच्या दुहेरी सावल्या पडतात. आणि मध्ये जोड नको, जोडापाशी चित्र मरते. त्याने सीलबंद पाकीट पुढे केले. “पुरून उरतंय बगा सायेब. उरलं तर कापडं वाळत घाला.”

पुरले नाही. दत्ताने व्हीसीआरपासून वायर अंथरली, ती मधल्या खोलीतच संपली. हे मला सांगण्याऐवजी तो मागचा सेट चालू करून, जोड आणायला गुपचूप सायकलवरून बाजारात गेला. मंडळी जमली होती. मला कल्पना नसल्याने मी कॅसेट सुरू केली.

अंतरपाट झाला, सप्तपदी झाली. कॅसेटवर व्हिडिओवाल्याने सिनेमाची गाणी चढवली होती, त्यामुळे लग्नातले एक अक्षर ऐकू येत नव्हते. झाल सुरू झाली. तोच मागच्या खोलीतून शांतेचा आवाज आला, “अवो, आक्कांस्नी टोपली जरा सरळ धराय सांगा. कडंचा दिवा विजाय लागलाय.”

आणि पडद्यावर कडेचा दिवा फडफडला. मंडळी हसली. आक्काही हसून म्हणाल्या, “हितनं बी मलाच बोलतीया. सासू मी का ती?”

थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. या वेळी हळू. “वळली... मागं वळली गं बाई.”

पडद्यावर तेव्हा सुमन नव्हतीच. पंगतीत जिलेबी वाढली जात होती.

कॅसेट संपली तोच दत्ता घामाघूम होऊन आत आला. जोड त्याच्या मुठीत होता. “मामा, वायर कमी पडलीया. आत्ता जोडतो, मामीस्नी परत लावून दावूया.” मी मधल्या खोलीत गेलो. वायरीचे टोक जमिनीवर मोकळे पडले होते. मागच्या खोलीत सेटच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या. शांता उशीला टेकून बसली होती, डोळे भरलेले, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच तिचा श्वास संथ चालला होता. दत्ताला तिने हातानेच थांबवले.

“ऱ्हाऊ दे रं. मी बघितलो की सगळं. सुमी दारातनं भाईर जाताना मागं वळून माज्याकडं बघितली. मी जा म्हनलो. तवा गेली.”

मी उलटतपासणीत कसर ठेवली नाही. दिव्याचे आक्कांनी पूर्वी सांगितले असेल, हे मी मान्य करतो. आक्का शपथेवर नाही म्हणतात, तरीही करतो. परंतु मागे वळण्याचे काय? ते मीच पाहिले नव्हते. मी गाडीत सामान चढवीत होतो. कॅसेट मी अनेकदा लावून पाहिली. पाठवणीचा भाग त्यात नाही — कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती, असे व्हिडिओवाल्याने मला लिहून दिले आहे.

शांतेचे दिवस झाल्यावर मी सुमनला विचारले. पोरीने आधी दार लोटून घेतले. मग म्हणाली, “आप्पा, हे मी कुनालाच बोललो न्हवतो. दारात पाय अडला. मागं कोन तर उभं हाय वाटलं, म्हनून वळलो. आई हुती असं म्हनत न्हाय मी... पन पाय सुटला तो मागनं ‘जा’ म्हनल्यावरच.”

या गोष्टीस तीन वर्षे झाली. आजही दर रविवारी सकाळी मी मागच्या खोलीत तो सेट लावतो, त्याला कोणतीही वायर न जोडता, आणि मुंग्यांसमोर बसून राहतो. सुमन म्हणते, आप्पा, डोळे खराब होतील. होवोत.

दुकानदार आणि उत्पादक यांनी आपापली उत्तरे द्यावीतच. परंतु माझी खरी मागणी त्यांच्याकडे नाही. जी पाठवणी कोणत्याही फितीवर नव्हती ती अंथरुणावरच्या बाईला ज्याने कुणी दाखवली, त्याने — किंवा त्याच्या वतीने ज्यास उत्तर देता येत असेल त्याने — याच सदरात, नावानिशी आणि जाहीरपणे सांगावे: शांता आज कुठे आहे, कशी आहे, एवढेच मला क्षणभर दाखवण्यास त्याची नेमकी कोणती हरकत आहे?