खिशातला चाकू

संत्र्याच्या रोपांवर कलमं बांधायची, म्हणून माझ्या खिशात चाकू असतोच. सातवीत शाळा सुटली, आणि कोकणातून इतक्या लांब विदर्भात आलो तो याच कामाच्या जोरावर. तरी पोलीस चौकी आली की मी रस्त्याची पलीकडची बाजू धरतो. झडती झाली तर काय सांगायचं?

काल टपरीवर कुणाच्या तरी मोबाइलवर चर्चा चालली होती, चाकू बाळगण्याचा कायदा सैल करावा का. माझ्या बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले, "करावाच! हरेकाच्या खिशात चाकू पायजे. मंग कोनाची हिंमत नाही होनार."

"तुमच्या खिशात असला तं पहिले आपलंच बोट कापसान, बाप्पा," टपरीवाली मावशी हसली. माझं काम तिला ठाऊक, मग मला म्हणाली, "दे रे भाऊ तुहा चाकू, लिंबू कापाचं हाय."

आमच्याकडे चाकू हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. मी उघडून फळीवर ठेवला आणि वळून पाहिलं, तर ते गृहस्थ चहा घेऊन पलीकडच्या बाकावर गेले होते. मावशीनं लिंबू कापलं, पातं पदराला पुसलं आणि मूठ माझ्याकडे करून चाकू माझ्यासारखाच फळीवर ठेवला. तेवढंही मला पुष्कळ वाटलं.

कायदा सैल व्हावा असं मला वाटतं. मी चौकीवरून बिनघोर जाईन. पण अनोळखी माणसाजवळ पातं दिसलं की शेजारचा उठतो, त्याला कायदा काय करणार? त्या गृहस्थांचा राग नाही आला. चाकू त्यांनी काढला असता, तर मीही उठलो असतो, आणि घाईत माझा चहा तिथंच राहिला असता.