आक्कानं पाहिलेली लंका

आक्का ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नसे. पलीकडच्या शिवारात पाऊस झाला असं कुणी सांगितलं, तर ती पायांत वहाणा सरकवून बांधापर्यंत जाई, बोटांनी माती उकरून बघे आणि मगच गड्याला औत जुंपायला सांगे. म्हैस विकायला आलेला माणूस दुधाचं कौतुक करू लागला की ती चरवी मागवी आणि स्वतः धार काढायला बसे. "तुजं खरंच आसंल बाबा," ती म्हणे, "पर मी बघितल्याबिगार न्हाई." उंब्रजमध्ये हे वाक्य इतकं सगळ्यांच्या तोंडी झालं होतं की पोरं एकमेकांना चिडवतानाही तेच म्हणत.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नात्यानं आत्या, पण सगळा गाव आक्का म्हणे म्हणून आम्हीही आक्काच म्हणायचो. मी सांगलीला शाळेत शिकवत होतो. तिनं मला कधी नावानं हाक मारली नाही, नेहमी 'मास्तर'. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती, याचा अंदाज मला शेवटपर्यंत आला नाही. मी काही माहिती सांगायला लागलो की ती हातातलं काम न थांबवता विचारी, "मास्तर, हे वाचलं का बघितलं?" बहुतेक वेळा वाचलेलंच असे.

हा तिचा हट्ट कुठून आला, हे मला माझ्या आईनं सांगितलं. आक्काचा नवरा पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता. एक दिवस त्याच्याबद्दलचा सरकारी कागद आला. गावात तो कुणीतरी वाचून दाखवला आणि त्याच दुपारी बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. तिचा दत्तू तेव्हा पाळण्यात होता. तिनं ना नवऱ्याचं तोंड पाहिलं, ना राख. पुढं कितीतरी वर्षं ती झोपेत दचकून उठे आणि दार वाजलं का, असं विचारी. या गोष्टीबद्दल ती स्वतः माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

दत्तू मोठा झाला आणि तोही पलटणीत गेला. आमच्याकडं ते नवल नव्हतं. घराआड एक तरी शिपाई असायचाच. त्याचं लग्न झालं, हौसा सून म्हणून घरात आली, रीतीप्रमाणं सासूला आत्याबाई म्हणू लागली आणि थोड्याच दिवसांत, दुसऱ्या महायुद्धात, दत्तूची पलटण लंकेला गेल्याचं कळलं. लंका म्हटल्यावर गावात थट्टेला ऊत आला. रावणाच्या घरी जेवायला काय वाढतात म्हणून लोक आक्काला विचारत. तीही हसून सांगे, की पोरगं आल्यावर विचारते.

पोरगं आलं नाही, कागद आला. ताप आला, इस्पितळात ठेवलं, तिथंच गेला, एवढंच त्यात होतं. अंगणात बायका जमल्या. त्यांतली एक जाणती बाई उठून हौसाकडं निघाली तशी आक्का मध्ये उभी राहिली.

"तिच्या कपाळाला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "मी बघितल्याबिगार न्हाई."

लोकांना वाटलं, आईचं काळीज आहे, आठ-पंधरा दिवसांत वळणावर येईल. पण आक्का वळणावर आली नाही. लढाई संपली तरी हौसा रोज सकाळी कुंकू लावत होती आणि आक्का ते लावलं की नाही हे बघत होती. त्या पोरीची अवस्था फार वाईट होती. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे आणि बोलावलं नाही असं कुणी स्पष्ट म्हणतही नसे. माहेरचे न्यायला आले तर कुठल्या नात्यानं न्यायचं, हे त्यांना कळेना. दत्तूच्या पलटणीतला एक गडी सुट्टीवर आला तेव्हा आक्कानं त्याला समोर बसवून सगळं विचारलं. त्यानं डोंगरातल्या छावणीचं नाव सांगितलं, इस्पितळ सांगितलं. पण दत्तूला तिथं सोडून पलटण पुढं गेली होती. पुढचं त्यानंही ऐकलेलंच होतं.

त्या साली गुऱ्हाळ उरकल्यावर आक्का बोचकं घेऊन सांगलीला माझ्या दारात आली. "मास्तर, तुला इंग्रजी येतंय. लंकेला जायाचं हाय," ती म्हणाली. माझी बायको हसली, आणि आक्काचा चेहरा पाहून पाणी आणायला आत गेली. बोचक्यात दशम्या, चटणी आणि हळदकुंकवाच्या पुडीसह एक खण-नारळ होता. सीतामाईला लंकेत कुणी ओटी भरली नसेल, म्हणून गावच्या बायकांनी तो आठवणीनं दिला होता. मिरजेला गाडीत बसलो, मजल दरमजल करत धनुष्कोडीला पोचलो आणि तिथून आगबोटीनं समुद्र ओलांडला. आक्कानं सगळ्या वाटेत डोळा लावला नाही.

कँडी नावाच्या गावी आम्ही एक मोटार ठरवली. तिचा मालक सायमन हाच गाईड आणि हाच ड्रायव्हर. साहेब लोकांना एका दिवसात डोंगरभागाची सहल घडवणं हा त्याचा धंदा. मी त्याला छावणीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, वाटेवरच आहे, संध्याकाळपर्यंत दाखवतो, पण माझ्या सहलीत जे जे येतं ते दाखवल्याशिवाय मी पुढं जात नाही. मला त्याचा राग आला. आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "दावू दे. दत्तूनंबी ह्येच बघितलं आसंल."

मग तो दाखवत गेला आणि आक्का बघत गेली. नदीत आंघोळ करणारे हत्ती बघितले. डोंगरावरून पडणारं पाणी बघितलं. एवढं पाणी वाया जातं आणि खाली पाट कसा नाही, असं तिनं मला विचारलं. सायमनला मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा तो प्रथमच मनापासून हसला. कुठंही ती मोटारीत बसून राहिली नाही. प्रत्येक ठिकाणी खाली उतरली, हात लावण्यासारखं असलं तर हात लावला. चहाच्या मळ्यात डोक्यावरून टोपल्या पाठीला सोडलेल्या तामिळी बायका पानं खुडत होत्या. आक्कानं एकीचा हात हातात घेतला, उलटा करून बोटं पाहिली आणि आपली बोटं तिच्यापुढं धरली. काय बोलणार आणि कुठल्या भाषेत?

दुपारी सायमननं एका ओढ्याशी गाडी थांबवली. सीतेला इथंच ठेवलं होतं, तो म्हणाला. काठावर लहानसं ठिकाण होतं, चार दगड, थोडी फुलं. आक्का खण-नारळ घेऊन लगबगीनं उतरली आणि पाण्यापाशी जाऊन एकदम थांबली. मला कळेना. तिनं हळूच सांगितलं, "आरं, मी कशी भरू ओटी?" विधवेनं ओटी भरायची नसते, हे ना देणाऱ्या बायकांच्या ध्यानात आलं होतं, ना माझ्या. आक्काला गावात सगळे इतके मानत की तिच्या कपाळाकडं कुणी बघतच नव्हतं. तीही विसरली होती. तिला असं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला फार वाईट वाटलं.

शेवटी मळ्यातून पाण्याला आलेल्या एका बाईला तिनं खुणेनं बोलावलं. पुडीतली हळद आणि कुंकू बघितल्यावर त्या बाईला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं हात धुतले, हळदकुंकू वाहिलं, आक्कानं दिलेला खण-नारळ दगडापुढं ठेवला आणि पदर सारखा करून नमस्कार केला. आक्का मागं हटून उभी होती.

छावणीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. छावणी आता नावालाच होती. इस्पितळाच्या जागी जोती राहिली होती आणि त्यांवर वेली चढल्या होत्या. सायमननं एरवी एवढ्यावर गाडी वळवली असती. पण आम्ही कशासाठी आलो हे त्याला आता कळलं होतं. तो वस्तीत जाऊन एका म्हाताऱ्याला घेऊन आला. लढाईच्या दिवसांत हा इस्पितळाला लाकडं पुरवायचा. तो तामिळ बोले, सायमन त्याचं इंग्रजी करी आणि मी मराठी. आक्का माझ्याकडं बघतच नव्हती. ती त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

हिंदू शिपाई गेला तर खाली नदीकाठी दहन करायचे, असं त्यानं सांगितलं. तो आम्हाला तिथं घेऊन गेला. गुडघाभर गवत होतं, बाजूला बांबूचं बेट, पलीकडं पाणी. दगड नाही, पाटी नाही, काही नाही. पुष्कळ होते, म्हातारा म्हणाला, पुण्या-साताऱ्याकडचेही होते. दत्तूचं वर्णन सांगितलं तर त्यानं नकारार्थी मान हलवली. तापानं सगळेच सारखे दिसायला लागायचे, तो म्हणाला. हे वाक्य मराठीत सांगताना मी अडखळलो. आक्कानं तरीही ते पुरं सांगायला लावलं.

तिनं गवत हातानं बाजूला सारून पाहिलं. काठाकाठानं पार बांबूच्या बेटापर्यंत जाऊन आली. मग खाली बसली. मी विचारलं, "आक्का, थोडी माती घ्यायची का बरोबर?"

"कुणाची?" ती म्हणाली.

एवढा समुद्र ओलांडून बाई आली होती आणि तिला बघायला गवताशिवाय काही मिळालं नव्हतं. ती आता घरी जाऊन, काहीच दिसलं नाही म्हणून सांगेल, आणि हौसा आणखी दहा-वीस वर्षं तशीच कुंकू लावून उंबऱ्यात उभी राहील, असं माझ्या मनात आलं. तिच्याही मनात तेच चाललं होतं.

"मास्तर," ती पाण्याकडं बघत म्हणाली, "माजं कुकू लोकांनी कागदावर पुसलं. म्हून हिचं मी राखलं. पर राखून काय केलं रं मी? पोरगी ना हिकडची, ना तिकडची. उद्या म्हातारी झाल्यावर म्हनंल, आत्याबाई, तुमी माजं काय केलं?" मग ती म्हणाली, "घरी मी सांगनार हाय, म्या बघितलं म्हून. तू मधी बोलायचं न्हाईस."

मी मान डोलावली. तिनं नदीत हात-पाय धुतले, त्या म्हाताऱ्याला हात जोडले आणि मोटारीत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर सायमननं काहीही दाखवलं नाही. कँडीला उतरताना आक्कानं उरलेल्या दशम्या त्याच्या लेकरांसाठी दिल्या आणि तो वाकून तिच्या पाया पडला. हे त्याला कुणी शिकवलं होतं, देव जाणे.

उंब्रजला आल्यावर तिनं हौसाला जवळ बसवून सांगितलं, की दत्तूची जागा मी डोळ्यांनी बघून आले, नदीकाठी आहे, चांगली आहे. हौसा खूप रडली. आक्का रडली नाही. बायका पुन्हा अंगणात आल्या, पण पोरीचं कपाळ पुसायला तिनं कुणाला पुढं येऊ दिलं नाही. हौसानं स्वतःच, स्वतःच्या हातानं पुसलं. आणि वर्ष सरायच्या आत आक्कानं तिच्या म्होतराचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं, बोलणं काढलं. भावकीत आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं, म्हातारीला लंका बाधली. तिनं कुणाला भीक घातली नाही. सांगलीला हळदीच्या पेठेत काम करणारा एक बायको गेलेला, सरळ माणूस मी सुचवला होता. त्याच्या घरी जाऊन तिनं कणगीत हात घालून बघितला, त्याच्या आईशी दिवसभर बोलली, तो कामावर असताना पेठेत जाऊन लांबून त्याला न्याहाळलं. मग होकार दिला. निरोपाच्या वेळी तिनं आईच्या जागी उभं राहून हौसाला गाडीत बसवलं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली.

हौसा पुढं लेकीसारखी उंब्रजला येत-जात राहिली. एकदा पितृपंधरवड्यात ती कडेवर मूल घेऊन आली होती. आक्काच्या नवऱ्याचं श्राद्ध मीच करत असे. पिंड झाले, आणि भटजींनी मला विचारलं, की आक्कांचा मुलगाही गेलेला ना, मग त्याचंही नाव घेऊ या का? मी आत बघितलं. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"त्येचं नाव घ्यायचं न्हाई," ती शांतपणे म्हणाली आणि चुलीकडं वळली.

भटजींना काही कळलं नाही. हौसाला मात्र कळलं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही. नदीकाठी आक्कानं काय पाहिलं होतं, हे त्या क्षणी तिला न सांगता समजलं. आपल्याला मोकळं करून ही बाई स्वतः मात्र अजून दाराकडं कान लावून बसली आहे, हेही समजलं. मग तिनं मूल माझ्या मांडीवर ठेवलं, उठून आत गेली आणि आक्काच्या हातातला झारा घेतला.

"आई, तुमी सरा," ती म्हणाली. "वडं मी तळते."

त्या दिवसापर्यंत ती तिला आत्याबाई म्हणत असे.